राग येतो, द्वेष करावा लागतो

कारल्याची भाजी हा काही उज्जैनला जाऊन चर्चा करण्याचा विषय नव्हे. पण तसं झालं खरं.

गेल्या डिसेंबरात एलटीसी काढून उज्जैनला गेलो होतो. (आम्हा कारकून मंडळींचं देशाटन एलटीसीच्या कृपेनंच होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.) मडगावहून रतलामपर्यंत रेल्वे आणि पुढं दोनेक तासांचा रस्ता. माझी एक मावसबहीण लग्न होऊन तिथं गेली त्याला आता पंचवीस वर्षं होतील. तिचं सासर म्हणजे शिंद्यांच्या काळात माळव्यात जाऊन राहिलेलं जुनं मराठी घर. घरात मराठीच बोलतात, मात्र ती हिंदीच्या मांडीला मांडी लावून वाढलेली मराठी. ऐकायला गोड, आणि मधूनच ठेच लागते.

ठेच पहिल्याच रात्री लागली. मला आवडते म्हणून ताईनं कारल्याची भाजी केली होती. कॉलेजात जाणाऱ्या भाचीनं आपल्या पानातली भाजी बाजूला सारली आणि म्हणाली, ‘‘मला कारल्याची घृणा आहे.’’

माझा घास हातातच राहिला. घृणा? कारल्याची? आमच्याकडे हा शब्द अग्रलेखात भेटतो, पानात नव्हे. मी तसं म्हणालो. तर ती म्हणते, ‘‘मग काय म्हणू मामा? हेट? नफरत?’’

‘‘तिटकारा म्हण गं,’’ ताई आतून ओरडली.

मग उलगडा झाला की हे नुसतं कारल्याचं प्रकरण नव्हतं. भाची तुर्की शिकते आहे. हिंदीत डब केलेल्या तुर्की मालिका बघता बघता तिला नाद लागला, आता मोबाइलवर धडे गिरवते आणि वहीत शब्द उतरवते. जेवण झाल्यावर तिनं वही दाखवली. एका पानावर न आवडण्याचेच शब्द. डाव्या रकान्यात इंग्रजी : हेट, लोद, डिटेस्ट, अ‍ॅभॉर, डिस्पाइज. उजव्या रकान्यात तुर्की. ‘‘मराठीचा रकाना कुठंय?’’ मी विचारलं. ‘‘तेच तर तुम्हाला विचारायचं होतं,’’ म्हणाली.

तिचे आजोबा, म्हणजे ताईचे सासरे, ऐंशीच्या घरातले, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ते आरामखुर्चीतून म्हणाले, ‘‘बाराशे चौतीस-पस्तीसच्या स्वारीत इल्तुतमिशनं आमचं महाकाळ फोडलं. तो तुर्क. आणि आमची नात त्याची भाषा शिकते आहे!’’

मी जरा सावध झालो. पाहुणा माणूस, काय बोलणार. पण भाची तरबेज निघाली. म्हणाली, ‘‘आबा, त्याचा दरबार फारसीत चालायचा, तुर्कीत नाही. आणि तुमच्या मनात आकस आहे ना, तो शब्दसुद्धा आपला नाही.’’

पोरीचं खरं होतं. आकस हा अरबी ‘अक्स’, म्हणजे उलट, विरुद्ध. तुर्कीत ‘आक्सी’ म्हणजे तिरसट, उलट्या काळजाचा... नव्हे, उलट्या डोक्याचा माणूस. आबा हसले. म्हणाले, ‘‘असेल. पण धरलाय तो मी, मराठीतच.’’

हे वाक्य त्यांनी सहज टाकलं. मी मात्र पुढचे तीन दिवस ते चघळत होतो.

आधी त्या वहीबद्दल सांगतो. ‘हेट’च्या समोर तुर्की होतं ‘नेफ्रेत एत्मेक’. नेफ्रेत म्हणजे हिंदी सिनेमातली आपली नफरत, आणि एत्मेक म्हणजे करणे. मूळ शब्द अरबी, तिथं त्याच्या धातूचा अर्थ बुजणे, बिथरून लांब पळणे. बैल साप पाहून बुजतो तसं. म्हणून तुर्कीत ‘मी तुझा द्वेष करतो’ म्हणायचं तर ‘सेन्देन नेफ्रेत एदियोरुम’ म्हणतात, शब्दशः ‘तुझ्यापासून नफरत करतो’. किळस, शिसारी यांच्या जवळचे ‘तिक्सिनमेक’ आणि ‘इयरेनमेक’ हे दोन अस्सल तुर्की शब्द आहेत, त्यांनाही हेच ‘पासून’ लागतं. बी.ए.ला संस्कृत घेतलं होतं त्याचा इतक्या वर्षांनी उपयोग झाला : संस्कृतातही ‘जुगुप्सते’ला पंचमी लागते, माणूस पापापासून जुगुप्सा करतो. हिंदीत ‘तुझसे नफरत’. आणि इंग्रजी ‘अ‍ॅभॉर’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ शहारून मागं सरणे. म्हणजे इतक्या दूरदूरच्या माणसांना नकोशी गोष्ट दिसली की एकच सुचलं, मागं व्हा. (याच लॅटिन शब्दाचा पोर्तुगीज भाऊ ‘आबुर्रेसेर’ मात्र झिजून झिजून आज नुसता कंटाळा आणणे, त्रास देणे एवढ्यावर आला आहे. शब्दही दमतात.)

‘डिटेस्ट’ची तऱ्हा निराळी. त्यात लॅटिन साक्षीदार लपला आहे. देवाला साक्षी ठेवून शिव्याशाप देणे हा त्याचा मूळ अर्थ. ‘डिस्पाइज’ म्हणजे वरून खाली पाहणे. कार्यालयात हा प्रकार शब्दाविनाच चालतो.

आता घृणा. महाकाळाचं दर्शन घेऊन (२०२२ मध्ये महाकाल लोक झाल्यापासून गर्दी अशी की दर्शन कमी आणि चालणं जास्त) परत येताना आबा रिक्षात सांगत होते, की इल्तुतमिशनंतर पाचेकशे वर्षांनी हे देऊळ पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी. ‘‘तुमच्याकडचेच शेणवी की ते,’’ असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जणू मीच चुना कालवला होता. मग मी घृणेचा विषय काढला. आपल्या वर्तमानपत्रांत रोज ‘निर्घृण खून’ असतो. घृणा म्हणजे जर द्वेष, तर निर्घृण खून म्हणजे द्वेषाशिवाय केलेला खून? तसं अर्थातच नाही. निर्घृण म्हणजे निर्दय. संस्कृतात घृणेचे दोन अर्थ, जुगुप्सा आणि करुणा. अमरकोशात ते दोन्ही एका ओळीत शेजारीशेजारी दिले आहेत. रघुवंशाच्या अकराव्या सर्गात राम ताटकेवर बाण सोडतो तेव्हा बाणाबरोबर घृणाही सोडतो, ती ही दुसरी घृणा, बाईमाणसाला मारू नये हा मनातला कळवळा. अमरसिंह आणि कालिदास हे दोघेही विक्रमाच्या नवरत्नांतले असं परंपरा सांगते, म्हणजे दोघेही उज्जैनचेच. त्यांच्या गावात आज घृणा म्हणजे फक्त तिरस्कार. मराठीतही करुणेचा अर्थ गेला, त्याची सावली तेवढी ‘निर्घृण’मध्ये अडकून राहिली आहे. एक शब्द होता, ज्यात अंगावर येणारा काटा आणि पोटात कालवणारी दया एकत्र राहत होती. आपण त्यातली दया काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी भर्तृहरीच्या गुंफा पाहायला गेलो. क्षिप्रेच्या काठावर आहेत. ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते : राजाला अमरफळ मिळतं, तो ते राणीला देतो, राणी तिच्या प्रियकराला देते, आणि फिरत फिरत ते फळ परत राजाच्या हातात येतं. वामन पंडितांनी भर्तृहरीची शतकं मराठीत आणली, त्यामुळं आपल्याकडेही हा राजा घरचा. तिथला वाटाड्या रंगात येऊन सांगत होता, ‘‘राजा को संसार से घृणा हो गयी.’’ हो गयी. राजानं घृणा केली नाही, त्याला ती झाली. आणि झाल्यावर त्यानं काय केलं? राणीचं डोकं उडवलं नाही, प्रियकराला सुळावर चढवलं नाही. राज्य टाकून निघून गेला. अरबी नफरत म्हणजे बुजून दूर जाणं, तर त्या अर्थानं खरी नफरत या राजाची म्हणावी लागेल. मराठीत आपण याला वीट येणे म्हणतो.

इथं मला आबांचं वाक्य आठवलं, ‘‘धरलाय तो मी.’’ आणि एकदम लक्षात आलं की मराठीतल्या या सगळ्या शब्दांची खरी वर्गवारी त्यांच्या क्रियापदात आहे.

मराठीत राग येतो. चीड येते, किळस येते, शिसारी येते, तिटकारा येतो, उबग येतो, कंटाळा येतो. कोकणीतही तेच, राग येता, कांटाळो येता. इथं मी कर्ता नाहीच. राग कर्ता आहे, मी फक्त ‘मला’. ती गोष्ट पाहुण्यासारखी दारात येते. पाहुणा कोण यावा हे माझ्या हातात नसतं, आणि आलेला बहुधा जातोही. ‘राग गेला का रे?’ असं आपण विचारतोच की. (वीट मात्र एकदा आला की सहसा जात नाही. भर्तृहरीला विचारा.)

दुसरी जात धरण्याची. आकस धरतात, अढी धरतात, डूख धरतात, दावा धरतात, अबोला धरतात. आलेला पाहुणा मी दाराला कडी घालून ठेवून घेतला, असा हा प्रकार. यात माझा हात गुंतला. पण धरलेली वस्तू हात दुखला की खाली ठेवता येते.

तिसरी जात करण्याची. द्वेष करतात, तिरस्कार करतात, मत्सर करतात, दुस्वास करतात. इथं मी पुरता कर्ता. हे काम आहे, रोज उठून करावं लागतं, आणि ते कुणी केलं याचं उत्तर देता आलं पाहिजे. (मुंबईकडची पोरं ‘खुन्नस देतात’. चौथं क्रियापद! पण त्यात जायला नको.)

इंग्रजीत सोमवारपासून खुन्यापर्यंत सगळ्यांना एकच ‘आय हेट’, आणि दर वेळी ‘आय’ पुढं. तुर्कीतही बोलणारा नेफ्रेत ‘करतो’. हिंदीकडे ‘होना’ आणि ‘करना’ दोन्ही आहेत हे वाटाड्यानं दाखवलंच. पण मधली ती धरण्याची पायरी आपल्याकडे जितकी भरलेली आहे तितकी मला दुसरीकडे दिसली नाही. निदान मला येणाऱ्या चार भाषांत तरी.

ही पायरी मी रोज कामावर पाहतो. जमिनीच्या कागदांशी माझा संबंध. ‘दावा’ हा शब्द पाहा. अरबीतून आलेला, तुर्कीत ‘दावा’ म्हणजे कोर्टातला खटला. मराठीत तो खटला आहेच, शिवाय ‘दावा साधणे’ म्हणजे वैर उगवणे. आपल्या लोकांनी खटला आणि वैर एकाच शब्दात बसवलं, अनुभवातून आलेलं शहाणपण, दुसरं काय! नकलेसाठी अर्ज घेऊन खिडकीपाशी येणाऱ्या माणसाला विचारलं की दावा कशाचा, तर दोन माडांचा, नाहीतर एका कुंपणाचा. आजोबांनी धरलेला, नातवाला सोडवत नाही. प्रतिवादीचा राग येतो का म्हटलं तर तोच सांगतो, राग कसला, आम्ही एकत्र शाळेत होतो. राग केव्हाच गेलेला असतो. धरणं तेवढं राहिलेलं असतं. भाचीच्या वहीत आणखी एक शब्द होता, ‘गारेझ’, अर्थ डूख, मनातली अढी. मी चमकलो, कारण ही तर आपली गरज. अरबी मूळ एकच, त्याचा अर्थ हेतू, नेम. तिकडे तो हेतू वाईट झाला, आपल्याकडे नुसती निकड राहिली. खिडकीपाशी उभ्या त्या माणसाकडे पाहून कधी कधी वाटतं की तुर्कांचा अर्थच जास्त बरोबर असावा, काही जणांना अढीची गरजच असते.

तिसऱ्या रात्री आबांनी मुक्तिबोधांचा विषय काढला. गजानन माधव मुक्तिबोध, मराठी घरातले, शिक्षणाची काही वर्षं उज्जैनात. ते हिंदीतले मोठे कवी झाले आणि धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहिते राहिले, १९७९ साली त्यांना मराठीसाठी साहित्य अकादमी मिळालं. एका घरातले दोन भाऊ, दोन भाषा. आबा कौतुकानं सांगत होते. मला आमचं घर आठवलं.

आमच्याही घरात दोन भाऊ, दोन भाषा. गोव्याच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. राजभाषेच्या आंदोलनात बाबा मराठीच्या बाजूचे, काका कोकणीच्या. ४ फेब्रुवारी १९८७ ला कायदा झाला तेव्हा मी जेमतेम सहा-सात वर्षांचा. कोकणी राजभाषा झाली, मराठीला वापराची मुभा राहिली, आणि आमच्या घरात अबोला आला. म्हणजे धरला गेला. चवथीला दोघंही मूळ घरी यायचे, कारण गणपती एकच. माटोळी बांधायला दोघंही शिडीपाशी. पण बोलणं आम्हा पोरांमार्फत. ‘‘काकाक सांग, दोरी सैल जाल्या.’’ काका हाताच्या अंतरावर उभा. आणि गंमत बघा, मराठीसाठी धरलेला हा अबोला बाबा कोकणीतून पाळत होते, कारण घरात आम्ही कोकणीच बोलतो.

वाड्यावर लोक म्हणत, एकमेकांचा दुस्वास करतात. आई मात्र कधी तसं म्हणाली नाही. ती म्हणायची, ‘‘अबोलो आसा.’’ असं म्हणायची की जणू घरात कुणाला ताप आहे. काकाकडच्या जेवणाचं आमंत्रण आलं तर आम्हा मुलांना पाठवायची, अबोला मोठ्यांचा, तुमचा नव्हे म्हणून. दुस्वास असता तर आम्हाला पाठवता आलं असतं का? आईनं निवडलेल्या त्या एका शब्दानं त्या घरांमधला दरवाजा उघडा ठेवला असं मला आज वाटतं. पाचव्या की सहाव्या चवथीला बाबा शिडीवर होते, आम्ही पोरं कुठं तरी फटाके शोधत होतो, आणि त्यांना खाली कुणी सापडेना. तेव्हा ते सरळ म्हणाले, ‘‘दोरी हांगा दी रे.’’ काकांनी दोरी दिली. त्यावर कुणी काही बोललं नाही. मतं दोघांची शेवटपर्यंत तीच राहिली.

भाचीला हे सांगितलं तर ती टुणकन उठली. तुर्कीत यासाठी नेमका शब्द आहे म्हणाली, ‘क्युस्मेक’, रुसून बोलणं टाकणे. इंग्रजीचा रकाना तिथं रिकामा होता, एका शब्दात सांगता येईना. मला फार आनंद झाला. तुर्कांच्या घरीही कुणी तरी शिडीवर चढत असणार.

आता हे सगळं लिहायला का बसलो ते सांगतो. हल्ली मराठी-कोकणीचा विषय निघाला की मोबाइलवर पहिल्या दोन संदेशांतच ‘मराठीद्वेष्टे’ नाहीतर ‘कोकणीद्वेष्टे’ असा शिक्का बसतो. एखाद्यानं मराठी फलकाबद्दल कुरकुर केली, द्वेष्टा. एखाद्याला कोकणी पाठ्यपुस्तकातला एक शब्द खटकला, तोही द्वेष्टा. मला स्वतःला मराठीच्या बाजूनं अनेकदा चीड येते, काही ठिकाणी मी अढीही धरून आहे, कबूल करतो. पण द्वेष मी करत नाही, आणि समोरचे बहुतेक जणही करत नाहीत. ज्याला नुसती चीड आली आहे त्याला द्वेष्टा म्हटलं की त्याच्यापुढं दोनच वाटा उरतात, गप्प बसणं किंवा तुम्ही म्हणता तसं होऊन दाखवणं. बरेच जण दुसरी वाट धरतात असा माझा अनुभव आहे. आणि जिथं खरोखर द्वेष आहे, ठरवून, रोज, कामासारखा केलेला, तिथं मग आपल्याकडे शब्दच शिल्लक राहत नाही. कारल्यावर घृणा खर्च केली की माणसं जाळणाऱ्यांसाठी काय उरतं?

असो. निघायच्या दिवशी सकाळी भाची धडे गिरवत बसली होती. आबा चहाची वाट पाहत. त्यांनी विचारलं, ‘‘तुमच्या त्या तुर्कीत चहाला काय म्हणतात गं?’’ ती म्हणाली, ‘‘चाय, आबा.’’ ‘‘बघ, माळव्यातून चोरलाय,’’ आबा म्हणाले आणि कप पुढं केला. आकस अजून धरलेलाच होता, पण बहुधा एकाच हातानं.

भाचीच्या वहीतला मराठीचा रकाना आम्ही दोघांनी मिळून भरत आणलाय. ‘डूख’च्या समोर मी ‘साप धरतो तो’ एवढंच लिहून दिलं आहे. कोकणीचा चौथा रकाना तिनं स्वतःहून आखला, त्यात अजून चारच शब्द आहेत. पेडणे, सत्तरी, काणकोण या बाजूंना आणखी असणार. आईला विचारून पाठवतो म्हणून सांगून आलोय.